रिंगणातले बुडबुडे

चारुलता पांढरीपांडे यांना माणसं आवडत नसत असं नाही. फक्त पाण्याच्या वर असलेली आवडत नसत. पाण्याखाली माणसाच्या तोंडात हवेची नळी असते, त्यामुळे त्याला भाषण करता येत नाही, सल्ला देता येत नाही आणि 'आमच्या वेळी' अशी सुरुवात करता येत नाही. बँकेच्या बदलीवर पोर्ट ब्लेअरला चार वर्षं काढली तेव्हा त्या डायव्हिंग शिकल्या, परीक्षा देऊन पंच झाल्या आणि नागपूरला परत आल्या. समुद्र इथून कुठल्याही दिशेला जा, लांबच. उरलेलं आयुष्य आता वरच काढायचं आहे हे ध्यानात आलं, तेव्हापासून त्यांच्या कपाळावर एक आठी होती. ती महाल भागातल्या शेजाऱ्यांना बघून वाढायची.

आणि अशा या गावात रवींद्र लोहकरे यांनी विदर्भ अंतर्जल क्रीडा संघटना काढली. लोहकरे लकडगंजातले लाकडाचे व्यापारी. तारकर्लीला तीन दिवस फिरायला गेले होते. तिथल्या पोराने त्यांच्या पाठीवरची हवेची टाकी मागून धरून त्यांना पाण्याखाली नेलं, एका माशाशेजारी फोटो काढला आणि वर आणलं. एवढ्या भांडवलावर माणूस संघटनेचा अध्यक्ष होऊ शकतो. नागपुरात तर नक्कीच.

आता हा खेळ काय, ते सांगायला हवं, कारण त्या मेच्या सकाळी पोहण्याच्या तलावाच्या काठी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या दोनेकशे लोकांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना शर्यत बघायची होती. या खेळात शर्यत नसते. पाठीवर टाकी, कमरेला शिशाची वजनं घेऊन उतरायचं, तळ आणि पृष्ठभाग यांच्या बरोब्बर मध्ये एक मोठं रिंगण टांगलेलं असतं, त्यात आडवं होऊन हाताची घडी घालून दोन मिनिटं तरंगत राहायचं. हात मारायचा नाही, पाय मारायचा नाही, रिंगणाला शिवायचं नाही. सगळी करामत श्वासाची. आत घेतला की शरीर जरा वर येतं, सोडला की जरा खाली जातं, आणि कसलेला डायव्हर ते वरखाली होणं चार बोटांत ठेवतो. जागच्या जागी न हलण्यात नागपूरकरांचा हात कोण धरणार, असं चारुलताबाई म्हणत. त्यांचे यजमान मधुसूदनराव एका सरकारी कचेरीत तीस वर्षं अजिबात न हलता बसले होते आणि त्यांना निरोपाला घड्याळ मिळालं होतं.

एक गोष्ट मात्र या खेळात गुन्हा आहे. श्वास कोंडायचा नाही. भरल्या छातीने कोणी वर आलं, तर आतली हवा फुगते आणि फुफ्फुस फाटतं. त्याला समुद्रच लागतो असं नाही, तलावसुद्धा पुरतो. म्हणून नियम असा, की बुडबुडे थांबले की खेळाडू बाद. आणि बुडबुडे नीट बघायचे म्हणून एक पंच पाण्याखालीच बसला पाहिजे. असा परीक्षा दिलेला पंच अख्ख्या विदर्भात एकच होता. म्हणून लोहकरेंना चारुलताबाईंशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि हे त्यांना रोज सकाळी दाढी करताना आठवत असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटे.

"माझी सून उतरणार आहे," चारुलताबाईंनी आधीच बजावलं होतं. "तिच्या वेळी दुसरा पंच आणा."

"कुठून आणू जी?" लोहकरे म्हणाले. "आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. थोडं इकडं तिकडं झालं तरी आम्ही समजून घेऊ. घरचंच कार्य आहे."

इकडं तिकडं! चारुलताबाईंना त्या माणसाला तिथेच तलावात ढकलावंसं वाटलं. त्याच्या अंगावर वजनाचा पट्टा नव्हता, म्हणून सोडून दिलं.

सून म्हणजे भूमिका. भिवापूरची. वडिलांची मिरचीची शेती, शेतात मोठी विहीर. लग्न होऊन महालात आली तेव्हा चारुलताबाईंना वाटलं, आता ही आपल्याला लोणच्याची कृती विचारणार. पहिल्याच उन्हाळ्यात मुलगी तलावाच्या काठावर उभी राहिली, कोणाला काही न विचारता सूर मारला आणि तळाशी जाऊन मांडी घालून बसली. सगळे घाबरले. वर आली तेव्हा म्हणाली, "आम्ही विहिरीत असंच खेळत होतो. बुडाशी बसायचं न दम धरायचा. जो शेवटी वर येईन तो जिंकला. मी पोट्ट्यांले पण हरवत होती."

"हे इथे करशील तर कान पिळीन," चारुलताबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला शिकवायला लागल्या. तीन वर्षं शिकवलं. त्यांचा स्वतःचा मुलगा ऋषिकेश पाण्यात पाय घालून मोबाइल बघत बसायचा, त्याच्याकडून त्यांची काही अपेक्षा उरली नव्हती. पण भूमिकेबद्दल वाईट बोलायला त्यांना काही सापडत नसे, आणि चारुलताबाईंच्या बाबतीत हे प्रेमाच्या फार जवळचं होतं. आज जो पहिला येईल तो पुण्याला राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. एकच जागा. आपल्या हातून या गावात एक तरी गोष्ट नीट घडली आणि ती पुण्याला गेली, एवढंच बघायची त्यांची इच्छा होती.

कार्यक्रम नेहमीप्रमाणे प्रमुख पाहुण्यांसाठी थांबला. काळ्या जाड रबरी सूटमध्ये खेळाडू उन्हात शिजत उभे होते. पाहुणे आले, मग तलावाचं पूजन झालं, हळदकुंकू पाण्यात पडलं, नारळ काठावर फुटला आणि त्यातलं अर्धं खोबरं तळाशी गेलं. लोहकरे बोलायला उठले. सागराशी नागपूरचं नातं किती जुनं आहे, हे त्यांनी सांगितलं. चारुलताबाईंनी मुखवटा डोळ्यांवर ओढला, नळी तोंडात घेतली आणि भाषण अर्ध्यावर असताना पाण्यात शिरल्या. खाली खोबऱ्याच्या तुकड्यांशेजारी गुडघे टेकून बसल्यावर त्यांना बरं वाटलं.

पहिले दोघंतिघं स्पर्धक जसे यायचे तसे आले. एक दंतवैद्य होता. तो उतरला आणि उतरतच राहिला, शेवटी चारुलताबाईंच्या शेजारी येऊन बसला. दुसऱ्याने रिंगणाला मिठी मारली. तिसरी कॉलेजातली मुलगी चांगली तरंगत होती, पण वरून तिच्या आईने टाळ्या वाजवल्या तशी तिने हात हलवून दाखवला. चारुलताबाई पाटीवर शून्यं मांडत गेल्या.

मग भूमिका आली.

ती रिंगणात शिरली ती एकही लाट न उठवता. आडवी झाली, हाताची घडी घातली. श्वास घेतला, चार बोटं वर. सोडला, चार बोटं खाली. बुडबुड्यांचे घोस तिच्या कानामागून निघून वर जात होते, मधे थोडी जागा, परत घोस. चारुलताबाईंच्या कपाळावरची आठी गेली. पाण्याखाली ते कोणाला दिसणार नव्हतं, म्हणून त्यांनी जाऊ दिली. पुण्याला जाताना हिला पायात घालायच्या नवीन फिन्स घेऊन द्यायच्या, असं त्यांच्या मनात आलं.

अर्ध्याच्या पुढे वेळ गेला होता. वरून कोणीतरी लाउडस्पीकरवर भूमिकेचं नाव पुकारलं, पाण्यात तो आवाज घुमला. भूमिकेने एक श्वास जरा मोठा घेतला. शरीर वर सरकलं, रिंगणाच्या वरच्या कडेला पाठ लागणार असं दिसलं. अशा वेळी श्वास सोडायचा असतो, एवढंच करायचं असतं, तीन वर्षांत शंभरदा केलेलं. तिने तो सोडला नाही.

बुडबुडे थांबले.

चारुलताबाईंनी वाट बघितली. सोड. सोड गं पोरी. भूमिका कडेपासून अर्ध्या विताच्या अंतरावर थांबली होती, पूर्ण स्थिर, गाल किंचित फुगलेले, डोळे मिटलेले. रिंगणात तरंगणारी डायव्हर गेली होती. भिवापूरच्या विहिरीत दम धरून बसलेली पोरगी तिथे होती, आणि ती जिंकत होती.

वरचे लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना एवढंच दिसत होतं, की आता ही जरासुद्धा हलत नाही.

चारुलताबाईंना रडू आलं. मुखवट्यात रडण्याची सोय नसते, काच धूसर होते. त्यांनी डोळे गच्च मिटून उघडले, परत बघितलं. एकही बुडबुडा नाही. मग कमरेचं लाल कार्ड काढलं आणि भूमिकेच्या चेहऱ्यासमोर धरलं.

वर आल्यावर जे झालं, ते चारुलताबाईंना आधीच ठाऊक होतं. फक्त एवढं लवकर होईल असं वाटलं नव्हतं. त्यांचं डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा शेजारच्या कुसुमताई पहिल्या रांगेतून बोलतच होत्या.

"म्हटलंच होतं मी. सुनेचं कौतुक हिले पाहवतच नाही. एवढी छान थांबली होती पोरगी, न हिनं काढलं कार्ड!"

"हिने दम धरला होता," चारुलताबाई म्हणाल्या. "श्वास बंद होता. नियम आहे."

"नियम!" कुसुमताईंनी हा शब्द असा उच्चारला, की आजूबाजूच्या सगळ्या बायकांना आपापल्या सासूचे नियम आठवले.

लोहकरे माइक घेऊन आले. अशी संधी ते सोडणार नव्हते. "चारुलताबाई, घरातलं भांडण तुम्ही पाण्यात काहून आणून राहिल्या? हा खेळ आहे, खेळासारखा खेळू द्या न पोरीले. संघटना अन्याय सहन करणार नाही." टाळ्या. "भूमिकाताईले दुसरी संधी देण्यात येईल. आणि आता पंच वरूनच बघतील. मी स्वतः बघीन."

या माणसाचा पाण्याशी संबंध एका माशापुरता होता.

चारुलताबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या भूमिकेकडे बघत होत्या. ती काठावर बसली होती, केसांतून पाणी गळत होतं, खांद्यावर तीन वेगवेगळ्या बायकांचे हात होते. आत काय झालं ते दोघींनाच माहीत होतं. तिने एक वाक्य म्हणायचं होतं, बस. 'आई खरं सांगून राहिल्या.' भूमिकेने एकदा वर बघितलं आणि मान खाली घालून पायाच्या नखांकडे बघत बसली.

बरं, चारुलताबाईंनी मनात म्हटलं. म्हणजे तूही. त्यांना वाटलं होतं आपण चिडू, पण चीड येईना. लोहकरेंचा, कुसुमताईंचा, ऋषिकेशचा त्या मनात वर्षानुवर्षं जो पाणउतारा करत आल्या होत्या, त्या रांगेत आता भूमिकेलाही बसवायचं होतं, आणि ते त्यांच्याकडून होत नव्हतं. त्यांनी टाकी काढली आणि टॉवेल गुंडाळून काठावर उभ्या राहिल्या.

आधी विहंगची पाळी होती. विहंग म्हणजे लोहकरेंचा मुलगा, हे वेगळं सांगायची गरज नाही. सूट नवा, फिन्स नव्या, तोंडावर भाव नवरदेवाचा. त्याने मघाशी भूमिकेवर पडलेल्या टाळ्या ऐकल्या होत्या आणि त्या कशावर पडल्या तेही बघितलं होतं. पोरगा बापासारखा नव्हता, हुशार होता. रिंगणात शिरला, दीड श्वास घेतला आणि कोंडून टाकला. अधूनमधून चोरून एखादा घेत असावा, पण वरून बघणाऱ्याला पाणी काचेसारखं दिसत होतं.

"बुडबुडे कुठे आहेत?" चारुलताबाई ओरडल्या. "अहो, बुडबुडे तर बघा! तो मरेल की एखाद दिवशी!"

"बघा न बाई, किती शांत आहे," लोहकरे पाण्यावर वाकून म्हणाले. "एक बुडबुडा नाही! याले म्हणतात साधना."

प्रमुख पाहुण्यांनी मान डोलावली. त्यांनाही साधनेबद्दल बोलायला आवडत असे. विहंग लालबुंद होऊन वर आला, खोकला, आणि त्याला काही झालं नाही. नशीब प्रत्येकाच्या वाट्याला सारखं येत नाही, लोहकरेंच्या घरी मात्र ते नियमित येत असे.

आता भूमिका. उतरण्याआधी तिने विहंगकडे बघितलं, मग काठावर पंच होऊन बसलेल्या लोहकरेंकडे. चारुलताबाईंना तिच्या मनातला हिशोब समजत होता. वरून बघणाऱ्यांना काय आवडतं ते आता सगळ्यांना कळलं होतं. दम धरायचा. विहिरीतल्या सगळ्या पोट्ट्यांना हरवलेला दम. विहंगसारखे चोरटे श्वाससुद्धा हिला घ्यायला लागले नसते. पुणं इथून दोन मिनिटांवर होतं.

भूमिका पाण्याखाली गेली. रिंगणात शिरली. आडवी झाली.

चारुलताबाई पृष्ठभागाकडे बघत होत्या. काही नाही. अजून काही नाही. त्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी गच्च धरला होता.

मग घोस आला. मोठा, पांढरा, फुटताना ठसकन आवाज करणारा. थोडी जागा. दुसरा घोस. थोडी जागा. तिसरा. भूमिका श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वास सोडत होती, इतका मोकळा, की पहिल्या रांगेत पाणी उडायचं तेवढं बाकी राहिलं. श्वासागणिक ती चार बोटं वर येत होती, चार बोटं खाली जात होती.

"हलून राहिली," कोणीतरी म्हणालं.

"मघाशी जास्त चांगली होती," दुसरं म्हणालं. "घाबरली बिचारी. सासू उभी आहे न तिथं."

लोहकरे कागदावर गुण कमी करत गेले. चारुलताबाई हलल्या नाहीत. प्रत्येक घोस फुटला की त्यांची टॉवेलवरची पकड जरा सैल होत होती. दोन मिनिटं संपेपर्यंत त्यांनी एकही बुडबुडा चुकवला नाही.

विहंग पहिला आला. त्याच्या गळ्यात पदक पडलं, बापाने मुलाचा सत्कार केला आणि मुलाने बापाचा. मग लोहकरेंना सुचलं, की सासू-सुनेला एकत्र मंचावर बोलावून समेट घडवून आणावा. फोटोग्राफर अजून गेलेला नव्हता. दोघींना ओढत वर नेऊन चारुलताबाईंच्या खांद्यावर शाल घालण्यात आली. कोणीतरी भूमिकेच्या हातात माइक दिला.

"पहिल्या वेळी मी दम धरला होता," भूमिका म्हणाली. "आईंनी बरोबर बाद केलं. मी तेव्हाच सांगायले पाहिजे होतं. सगळे माझ्या बाजूनं बोलून राहिले होते, मले तोंड उघडता नाही आलं. चूक माझी होती. न विहंगनं पण..."

लोहकरेंनी हात पुढे करून माइक घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते, खरंच. "बघा! बघा मंडळी! याले म्हणतात संस्कार! सासूची चूक पोरीनं स्वतःच्या अंगावर घेतली!"

अख्ख्या तलावावर टाळ्यांचा कडकडाट झाला. कुसुमताई पदराने डोळे पुसत होत्या. "अशी सून भेटायले नशीब लागते वं. आणि भेटली कोणाले बघा."

"मी खरं बोलून राहिली!" भूमिका ओरडली. पण माइक आता तिच्याकडे नव्हता.

चारुलताबाईंनी समोर बघितलं. दोनशे माणसं. त्यातल्या एकाच्याही डोक्यात ती गोष्ट शिरणार नव्हती, आज नाही, उद्या नाही. आणि त्यांना एकदम हसू फुटलं. इतकं, की शाल घसरली. फोटोग्राफरने नेमका तेव्हा फोटो घेतला. तो महालातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळच्या आत फिरला, खाली ओळ होती: सासूबाईंना पश्चात्ताप झाला तो क्षण.

ऋषिकेश पार्किंगमध्ये गाडीत एसी लावून मोबाइल बघत बसला होता. दोघी त्याच्या दिशेने चालत निघाल्या. फरशी इतकी तापली होती, की भूमिका चपला हातात असूनही पटपट पाय टाकत होती आणि चपला घालायचं तिच्या लक्षात येत नव्हतं.

"आई, कोणी मानलंच नाही," ती म्हणाली. आता रडत होती. "पुणं पण गेलं न खरं सांगूनही काही नाही झालं."

"त्यांनी मानून काय करायचं आहे?" चारुलताबाई म्हणाल्या. "त्यांना नारळ फोडता येतो तेवढं पुरे आहे. विहंगला पुण्याला पहिल्याच फेरीत घरी पाठवतील, तिथे खाली माणसं बसतात. मी बघितलं न तुले. पहिल्यांदा खालून, आता वरून."

भूमिकेने नाक पुसलं. "कशी होती मी?"

"शेवटी शेवटी डाव्या खांद्यावर झुकत होतीस." चारुलताबाईंनी हातातला ओला टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी तिचे केस जोरजोरात पुसायला लागल्या, इतक्या जोरात की पोरगी 'आई, आई' करायला लागली. "चपला घाल आधी. आणि उद्या सकाळी तलावावर ये. ती भिवापूरची विहीर तुझ्या छातीतून काढायची आहे."